अदनानचा डावा बूट

मी एक जुना, डाव्या पायाचा फुटबॉलचा बूट आहे. उजव्याला मी कमी लेखत नाही. पण मित्रांनो, गोल मीच केले आहेत. अदनान डाव्या पायाने खेळायचा.

२००३ साली रियाधच्या बथा बाजारातून गफूरमामूंनी मला त्याच्यासाठी आणले. मामू रत्नागिरीकडचे. रियाधजवळच्या अल खर्जच्या डेअरीवर दुधाचा टँकर चालवत आणि दर शुक्रवारी कोकणी पोरांचा संघ खेळवत. अदनान त्याच संघात, तेव्हा दहावीत होता. शाळेच्या स्पर्धेत त्याने एका सामन्यात चार गोल केले आणि मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी त्याचे नाव घेतले. मला तर केवढा माज चढला होता!

बारावीनंतर आमच्याकडची मुले कॉलेजसाठी भारतात जात. अदनान पुण्याला गेला, तिथेही संघाचा कप्तान झाला. मला त्याने मामूंकडे ठेवले. "सुट्टीत आलो की हेच बूट घालीन," म्हणाला. मी विश्वास ठेवला. मामूंच्या संघानेही त्याची सात नंबरची जर्सी कोणाला दिली नाही. मामू मला तेल लावून टँकरच्या सीटमागे जपत.

२००८च्या सुट्टीत एका कंपनीच्या संघाशी आमचा अंतिम सामना होता. कॉलेज संपले होते. आता वडिलांच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, अदनानला राहता येणार नव्हते. नोकरी मिळाली तरच इथे थांबता येणार होते. मामूंनी मला नवा तळ लावून घेतला. मैदानावर पोहोचलो, तर अदनान समोरच्या कंपनीच्या संघात! पायात नवेकोरे बूट.

"मामू, ते नोकरी देतायत. व्हिसा पण," तो खाली बघत म्हणाला. "गेल्या आठवड्यातच ठरलं."

"गेल्या आठवड्यात? अरे, मग काल फोन करून आपल्या टीमचं सगळं विचारून कशाला घेतलंस?"

अदनान वाकून नव्या बुटांच्या नाड्या आवळू लागला. आमचा गोलकीपर मुनाफ. त्याचा उजवा गुडघा दुखतोय, हे मामूंनीच फोनवर सांगितले होते. अदनानचे दोन्ही गोल मुनाफच्या उजव्या बाजूने गेले. आम्ही हरलो. मी मामूंच्या हातात होतो. त्यांची बोटे माझ्यात रुतली होती.

त्याला व्हिसा मिळाला, याचे मला दुःख नाही. त्याने सांगितले असते, तर मामूच त्याला कंपनीच्या दारापर्यंत सोडून आले असते.

मित्रांनो, जुना बूट काढून नवा जरूर घाला, माझी ना नाही. पण ज्याने तुमची जागा राखून ठेवली आहे, त्याला आधी सांगा. तुमचे बूट हातात घेऊन त्याला मैदानावर येऊ देऊ नका.