सोट्याचा टप्पा

सोनबाचा सोटा पहिल्यांदा तुळसाच्या अंगठ्यावर पडला तेव्हा नख काळंनिळं झालं आणि ती आनंदाने ओरडत अंगणभर धावली. शेजारच्या राहीबाईला वाटलं, पोरीच्या अंगात आलं.

सोनबाचं उजवं अंग आणि वाचा भाताच्या कापणीत एका सकाळी गेली होती. बायको आधीच वारलेली, तेव्हा त्याला उठवणं, धुणं, पेज भरवणं तेरा वर्षांच्या लेकीकडे, तुळसाकडे आपोआप आलं. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या त्या वाडीत तिला कोणी तसं सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर मदत करावी लागली असती. महाडच्या वैद्यबोवांनी डोलीतल्या रोग्याला दुरूनच पाहिलं, चोळायला तेल दिलं आणि बजावलं, "हात हलता ठेवा, नाहीतर त्याचं लाकूड होईल." तेल पंधरा दिवसांत संपलं. सल्ला पुरून उरला.

हात कशानेच हलेना. देवाला जोडायला हलेना, पेजेच्या वाटीला हलेना. बोटं आखडू नयेत म्हणून तुळसाने त्याचा जुना सोटा त्याच्या मुठीत देऊन ठेवला होता. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "बा, यंदा शिमग्याची पालखी दुसरा कोणतरी नाचवील." वीस वर्षं पालखीचा पुढचा दांडा सोनबाच्या खांद्यावर होता. त्याचा चेहरा तांबडालाल झाला, सोटा चार बोटं वर उठला आणि तिच्या अंगठ्यावर आला.

तेव्हापासून रोज सकाळी पेजेआधी हेच औषध. तुळसा पाट मांडून समोर बसायची, पालखीचं नाव काढायची आणि मार खायची. मार्गशीर्षात सोटा गुडघ्यापर्यंत आला, पौषात मांडीवर, माघात बरगडीवर. वैद्यबोवांना नाडीवरून कळलं नसतं इतकं तिला अंगावरच्या वळांवरून कळत होतं. सोटा जिथवर पोचे तिथे ती जमिनीवर कोळशाने रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी पाट दोन बोटं मागे घ्यायची, म्हणजे हात आणखी लांबेल. फाल्गुनात तो कानावर बसला. दोन दिवस तिला त्या कानाने ऐकू आलं नाही.

"आता खांद्याच्या वर जातो हात!" तिने राहीबाईला अभिमानाने सांगितलं.

"मरशील एक दिवस, गो."

"मंग याला भरवील कोण?" तुळसा म्हणाली, आणि राहीबाई आपल्या घरात गेली.

त्या साली सरकारने ठरवलं होतं, की एक एप्रिलपासून चौदा वर्षांखालच्या मुलींची लग्नं करायची नाहीत. ज्यांना कधी मुलींची आठवण नव्हती त्यांनाही ती मार्चमध्ये एकदम झाली. सोनबाचा भाऊ महिपत होळीच्या तीन दिवस आधी तुडीलच्या एका बिजवराला घेऊन दारात हजर झाला. दुखण्यानंतर तो दुसऱ्यांदा येत होता. पहिल्यांदा नांगर न्यायला आला होता.

"पंचमीला लगीन," तो म्हणाला. "मंग तू तुडीलला."

"आन् बा?"

"पेज धाडीन की त्याला! मी काय मेलोय?"

नांगर नेताना महिपतने सरपणही धाडीन म्हटलं होतं. तुळसा पाच महिने रानातून लाकडं आणत होती. ती गेल्यावर बा किती दिवस जगेल, ते तिला एका हाताच्या बोटांवर मोजता आलं.

तिने आतून दोन पाट आणले. बिजवराचा भिंतीपाशी मांडला. काकाचा बासमोर मांडताना जमिनीकडे नीट पाहिलं आणि कोळशाच्या रेघेच्या वीतभर आत ठेवला.

"बसा काका." तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. "यंदा पालखी कोणाच्या खांद्याव हाय?"

महिपत खुलला. "कोणाच्या म्हंजे? माज्या! हा काय उठतोय आता? मेलेलं मढं..."

पहिला सोटा त्याच खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज बिजवरालाही ऐकू गेला. दुसरा तोंडावर; दोन दात पाटावर पडले, एक तांब्यात. महिपतने मागे सरकायला हवं होतं, पण अशा वेळी माणूस हात वर करतो. तिसरा त्या हाताच्या मनगटावर आला. बिजवर पसंत-नापसंत काहीच न कळवता उतरणीला लागला. चौथ्याला तुळसाने सोटा धरला, कारण बा घामाने निथळत होता आणि त्याला एवढे श्रम झेपणारे नव्हते.

त्याने हे तिच्यासाठी केलं की पालखीसाठी, ते तिने विचारलं नाही. वाचा नसल्यामुळे त्यालाही खोटं बोलावं लागलं नाही.

पालखी तिसऱ्याच कोणी नाचवली. एप्रिल लागला आणि तुळसा कायद्याने लहान झाली. त्याच आठवड्यात महिपतची अकरा वर्षांची येसू दारात येऊन रडत उभी राहिली.

"तुळसाताय, बाचा हात उचलतच नाय गो. आय रानात, पेज मीच भरवते. वैद्य म्हणतो हात हलवायला पायजे, नायतर लाकूड व्हईल."

तुळसाने फुंकणी खाली ठेवली. "त्याला राग कशाचा येतो?"

येसूने बराच विचार केला.

"तुजा," ती म्हणाली.

तुळसाने बाला कुशीवर वळवलं, पाट काखेत मारला आणि येसूबरोबर निघाली.