चिकोरीची पानं

हरिणीने गड्डीचे एक फिकट पान तोडून सासूच्या हातावर ठेवले. भवानीने ते चावले आणि लगेच मोरीत जाऊन थुंकले.

"हे तू ह्यांस कच्चं वाढणार?"

हरिणी कोइमतूरच्या एका हॉटेलात सॅलड करी. सुटीला मेलकावेरीच्या घरी येताना तिने उटीच्या मळ्यातल्या या गड्ड्या आणल्या होत्या. ही चिकोरीच, तिने समजावले. एका जातीचे मूळ भाजून कॉफीत घालतात, या जातीची पानं अशीच खातात. भवानीला ते पटेना. चिकोरी म्हणजे दुकानातली तपकिरी पूड. कीरे, म्हणजे पालेभाजी, असेल तर ती शिजवावी, डाळ घालावी, नारळ घालावा. निदान मिठाच्या पाण्यात ठेवून कडूपणा तरी काढ, असे तिने बजावले. हरिणी हो म्हणाली, आणि पानं नुसती गार पाण्यातून काढून त्यांवर लिंबू, गूळ आणि भाजलेले शेंगदाणे घालू लागली.

भवानीचा वैताग आजचा नव्हता. गेल्या वर्षीच्या तापात तिच्या नवऱ्याची, गोपालकृष्णांची, चव गेली ती परत आलीच नाही. जन्मभर कॉफीची मिश्रणं जमवलेला माणूस. आमटीत चिंच जराशी चढली तरी बोलून दाखवल्यावाचून राहायचा नाही. आता दुकान पुतण्याकडे होते, आणि हे कागद चावल्यासारखे जेवत. काहीही वाढा, "बरं आहे." त्या दोन शब्दांनी तिचे डोके उठे. डॉक्टर झाले, काढे झाले, गोविंदपुरमला विठ्ठलाला साकडे घालून झाले. हल्ली रांधताना ती स्वतःही चव घेऊन पाहत नसे.

हरिणीने बशी सासऱ्यांपुढे ठेवली. काय आहे ते सांगितले नाही. त्यांनी घास घेतला, चावता चावता थांबले आणि तोंड वाकडे केले.

"सांगत होते मी," भवानी सुनेवर उखडली आणि बशी उचलायला वाकली.

गोपालकृष्णांनी बशीची कड धरली. दुसरे पान तोंडात घातले, डोळे मिटून सावकाश चावले.

"कडू आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि मीठ उणं आहे."

हरिणी उठू लागली. भवानीने तिला हातानेच बसवले आणि स्वतः आत गेली. मिठाची बरणी समोरच होती. तिचे झाकण उघडायला मात्र तिला बराच वेळ लागला.