न सरकलेला रोल

धुऊन आलेल्या फिल्मची पट्टी नारिंगी होती, आणि स्वच्छ... इतकी स्वच्छ, की दुकानाच्या दारात उजेडासमोर धरल्यावर तिच्यातून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसत होती. कडेला कंपनीचे बारीक आकडे, बस. तिने पट्टी उलटी करून पाहिली – जणू बाबा, आई, दादा मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले असतील.

"रोल पुढे सरकलाच नाही," फोटोवाला म्हणाला. "टोक चक्रीत अडकलं नव्हतं. होतं असं नवीन माणसाचं."

नवीन माणूस! वर्षभर याच काउंटरवर कोपर टेकून ती फिल्मच्या गोष्टी करत आली होती. हा रोल देतानाही, छत्तीसच्या रोलमध्ये आपण बेचाळीस फोटो बसवले म्हणून फुशारकी मारली होती, आणि तो नुसता "बघू" म्हणाला होता. रोल जागचा हललेला नाही, हे त्याला तेव्हाच कळलं असणार. फिल्म पुढे नेणारा चाप ओढला की डावीकडची खुंटी फिरते का, हे बघायचं असतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी ती खुंटीकडे बघत नव्हती, बोलत होती.

काय काय बोलत होती... दादाचं सगळं बिऱ्हाड दुसऱ्या दिवशी परदेशी निघणार, पुढची भेट किती वर्षांनी कोण जाणे, म्हणून सगळे जमलेले. आणि तिने वेताची टोपली फिरवून सगळ्यांचे फोन गोळा केले. दादा म्हणाला, "अगं, एखादा फोनवरही राहू दे." तर ही म्हणे, "फोनवरचे फोटो कोणी बघतं का? हजार काढायचे आणि हजार विसरायचे." टाळी मिळाल्यासारखी हसली होती ती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुपारी ती पुन्हा इस्पितळात, काचेमागच्या आपल्या खोलीत. एक्स-रे काढणं तिचं काम. "श्वास घ्या... रोखून धरा... सोडा." समोरच्याने श्वास सोडेपर्यंत त्याच्या फासळ्या पडद्यावर हजर; ती पाहायची, नंबर टाकायची, पुढचा. तिच्या हातून निघालेल्या चित्राची आजवर कोणी वाट पाहिली नव्हती. म्हणून तर तो जड, जुना, काळा कॅमेरा घेतला – ज्याची वाट पाहावी लागते असं काहीतरी आपल्या हातून घडावं म्हणून. हे खरंच होतं. पण तो गळ्यात अडकवून चारचौघांत हिंडताना मान जरा ताठ व्हायची, हेही तितकंच खरं, आणि आज तेच आठवून कानशिलं तापत होती.

"मॅडम, सोडू का?" काचेपलीकडच्या बाईने रोखलेल्या आवाजात विचारलं. ती दचकली. "सोडा, सोडा..."

त्या दिवशी बाबांना मात्र ती सोडा म्हणायला विसरली होती. खोलीत उजेड कमी, फोटो हलेल म्हणून सवयीने बोलून गेली, "श्वास रोखून धरा," आणि मग फोकस जमवत बसली. बाबांची छाती आधीच नाजूक. तरी त्यांनी धरला – शहाण्या मुलासारखा – आणि मग खोकल्याची उबळ येऊन डोळ्यांत पाणी आलं, तर ते पुसत विचारतात, "हललो नाही ना?" "अजिबात नाही, बाबा." तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. "आले का गं फोटो?" "बाबा, फिल्म आहे ती, धीर धरावा लागतो." हेसुद्धा किती तोऱ्यात!

चहाच्या सुट्टीत तिने भाचीला, दादाच्या चिंगीला, निरोप धाडला. त्या दिवशी तू फोन लपवला होतास ना? उत्तर लगेच आलं. 'सॉरी आत्या. एकच काढला. डिलीट करू?'

आपणच माफी मागायची, तर पोर मागतेय. ती मेल्याहून मेल्यासारखी झाली.

फोटो दाराकडून काढलेला. बाबांचे गाल फुगलेले, नजर उजवीकडे खिळलेली. आई फोटोबिटो विसरून काळजीने त्यांच्याकडे बघतेय. दादाचा हात त्यांच्या पाठीवर. आणि उजव्या कडेला एक कोपर, एक काळा कॅमेरा – ती स्वतः. तिने आधी फोटोतून स्वतःला कापलं. मग फोनवरचा फोटो जुन्या फिल्मसारखा दाखवणाऱ्या ज्या अ‍ॅपवरून सहकाऱ्यांची तिने यथेच्छ टर उडवली होती, तेच उतरवून घेतलं. रंग विटवले, दाणे पेरले, एक ओरखडा... नको, दोन. कोपऱ्यात नारिंगी तारीख. बोटं सराईतपणे चालत होती, याचीच तिला जास्त लाज वाटली. फोटोवाल्याकडे जायला तोंड नव्हतं. झेरॉक्सच्या दुकानातून प्रत काढून घेतली.

संध्याकाळी आईने फोटो हातात घेतला आणि तिचे डोळे भरून आले. "बघा, मी म्हणत नव्हते? फिल्मचं ते फिल्मचं. फोनला येईल का हे?"

शिवी दिली असती तरी चाललं असतं.

बाबांनी चष्मा पुसून फोटो दिव्याखाली धरला. बराच वेळ धरला. चोराच्या मनात चांदणं – त्यांचा अंगठा उजव्या कडेशी थांबलाय असं तिला वाटलं, आणि तो खरंच तिथे थांबला होता.

"तू तर माझ्यासमोर होतीस," ते म्हणाले. "मी तुझ्याकडेच बघत होतो."

एक बाजूनेही काढला होता – उत्तर तयार होतं, येताना रस्त्यात दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. जीभ उचलली गेली नाही. खरं सांगायलाही नाही.

"काय झालं? काय म्हणताय?" आईने विचारलं.

"काही नाही." बाबांनी फोटो आईकडे दिला. "चौकट करून घेऊ. बाकीचे नसतील आले नीट. जुनी यंत्रं ती, व्हायचंच. एक पुरतो."

तिच्यासाठीचं खोटं त्यांनीच शोधून दिलं होतं, आणि तिच्यापेक्षा सफाईने. आई खिळा कुठे ठोकायचा ते बघायला बाहेरच्या खोलीत गेली. ती बाबांच्या शेजारी बसून राहिली. दिवसभर एकच भीती होती, की कोणीतरी विचारेल... आता बाबा कधीही विचारणार नव्हते, हे तिला लख्ख कळत होतं. आणि त्यांनी विचारावं, अगदी आत्ता, आई आत यायच्या आधी विचारावं, म्हणून ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते मात्र खिडकीबाहेर पाहत होते.