डावरीसमोर

गजालाला हरवायचं असेल तर समोर डावरी उभी करा, असं तिच्या वजनगटातल्या बॉक्सर पोरी आपसात बोलायच्या. त्यात खोटं काही नव्हतं. उजव्या हाताच्या पोरीला ती पहिल्याच राउंडमध्ये दोरापर्यंत रेटायची. डावरी आली की मात्र सगळं गणित चुकायचं. डावरीचा उजवा पाय पुढं असतो, त्यामुळं पायात पाय अडकायचे. तिचा पुढचा हात गजालाच्या जॅबला, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाला, आडवा यायचा, आणि जिकडून येईल असं वाटत नाही तिकडून ठोसा येऊन तोंडावर बसायचा. विभागीय स्पर्धेत ती दोनदा अशीच हरली.

"डावरीला रोज उजव्याच भेटतात," काकासाहेब सर म्हणाले. "तुला डावरी कुठं भेटती? सवय तिला हाय, तुला न्हाई." सर फौजेतून निवृत्त झालेले. हसनाबादेतल्या एका रिकाम्या गोदामात ते पोरापोरींना शिकवायचे.

मग गजालानंच डावरी शोधून आणली. आकांक्षा तिच्या वर्गातली, जेवण सोडून सगळं डाव्या हातानं करणारी. तिची आई नंदाबाई नकोच म्हणत होती. गजालानं पिच्छा सोडला नाही. "काकू, मी हाय ना तिच्यासंगं," असं तिनं सांगितलं, तेव्हा कुठं नंदाबाईचं मन वळलं.

मैत्रिणीला सराव द्यायला म्हणून आलेली आकांक्षा हळूहळू त्यातच रमली. सुरुवातीला गजालानं तिचा मार खाल्ला. मग सरांनी गजालाला डावा पाय आकांक्षाच्या उजव्या पायाच्या बाहेर टाकायला शिकवलं. पाय तिथं पडला की डावरीच्या तोंडापर्यंत उजव्या हाताला सरळ वाट मिळते.

"पुढच्या साली मीबी उतरणार," आकांक्षा एकदा म्हणाली. "तुझ्या वजनात न्हाई, भिऊ नको."

या वेळी गजाला विभागातून निवडली गेली होती आणि राज्य स्पर्धा जवळ आली होती. त्या संध्याकाळी आकांक्षाच्या हेडगार्डचा पट्टा तुटला आणि ते डोळ्यांवर घसरू लागलं. तिनं ते काढून ठेवलं. सर बाहेर फोनवर बोलत होते.

"राहू दे, उद्या करू," आकांक्षा म्हणाली.

"एकच राउंड. हळू मारते."

गजाला खरंच हळू मारणार होती. पण पाय बरोबर बाहेर पडला, वाट मोकळी दिसली आणि इतके महिने घोटून घेतलेला हात पूर्ण जोरानं गेला. आकांक्षा पडली नाही. डावा डोळा दाबून धरत ती एवढंच म्हणाली, "काळं काळं उडून राह्यलंय." सरांना कळलं तर सराव बंद होईल, म्हणून दोघींनी ते कुणालाच सांगितलं नाही. सूज उतरली, पण डोळ्यापुढचं काळं वाढतच गेलं. संभाजीनगरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटलाय, यायला उशीर केलात. ऑपरेशन झालं. त्या डोळ्याला उजेड तेवढा कळत होता, माणूस कळत नव्हता.

गजाला दोनतीनदा तिला बघून आली, पण स्पर्धेला जाणार नव्हती. आकांक्षानं निरोप धाडला, जा म्हणून. ती गेली आणि उपांत्य फेरीत नेमकी डावरीच समोर आली.

गजालाचा पाय प्रत्येक वेळी बाहेर पडला. इतकी मोकळी वाट तिला आधी कधी मिळाली नव्हती. कोपऱ्यातून सर ओरडत होते, "उजवा सोड, उजवा." तिचा उजवा हात गालाला चिकटून राहिला, तिन्ही राउंड. समोरच्या पोरीचा डावा डोळा तेवढा तिला दिसत होता.

परतीच्या बसमध्ये सर तिच्याशेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "वाट मोकळी व्हती."

"दिसली, सर."

दुसऱ्या दिवशी ती आकांक्षाच्या घरी गेली. नंदाबाई दारातून बाजूला झाली, ये म्हणाली नाही. खाटेवर बसलेल्या आकांक्षानं मान वळवून चांगला डोळा तिच्याकडं केला.

"कोण व्हती समोर?"

"डावरी."

"मंग तर तूच जिंकली असशील."

"हारले. उजवा हात सुटलाच न्हाई."

आकांक्षा हसेल किंवा जवळ घेईल, असं गजालाला वाटेत येताना वाटलं होतं. आकांक्षा तिच्याकडं बघत राहिली. तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"मंग माझा डोळा कशापायी गेला?"

नंदाबाईनं आतून चहा आणून तिच्यापुढं ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "एवढा पी. अन् आता काही दिवस येऊ नको, पोरी. तू येऊन गेलीस की ती जेवत न्हाई."

चहा फार गरम होता. तरी गजालानं तो घाईघाईनं संपवला, कप मोरीत नेऊन विसळला आणि पालथा घालून ती निघाली.