काचेच्या पेल्यातलं पौरुष

सभागृहाबाहेर पुरुषांची ही मोठी रांग लागली होती आणि निम्म्या लोकांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलंच नव्हतं. मर्दानगी वाढवून देणाऱ्या शक्तिगुरूंकडे जाताना ओळखीच्या कुणी पाहायला नको ना! प्रत्येकाच्या हातात कागदात गुंडाळलेली बाटली, आत सकाळची लघवी. गुरू ती पेल्यात ओतत, वर 'सिद्धजल' सोडत आणि बघता बघता पेल्यात पांढरे ढग उतरत.

"बाळा, तुझं पौरुष असं वाहून चाललंय," गुरू हळहळत. समोरचा बाप्या लगेच चूर्णाचा डबा विकत घेई.

त्याच रांगेत हेल्मेट घालून डॉक्टर उभे होते. पुरुषांचे हार्मोन्स आणि त्यांची झाकलेली दुखणी यांतच त्यांची सारी डॉक्टरकी गेली होती. आज ते आले होते एका वेल्डरसाठी. त्याला मूल होत नव्हतं. बायकोच्या तपासण्या चांगल्या, तरी सासू तिला कायमची माहेरी धाडायला निघालेली. वेल्डरच्या वीर्यात मात्र एकही शुक्राणू नव्हता. तो गुरूंचं चूर्ण रोज खात होता; डॉक्टरांनी ते प्रयोगशाळेत पाठवलं, तर त्यात पुरुषी हार्मोनच्या गोळ्या कुटून घातलेल्या. बाहेरून आयता माल आला की शरीर आपला कारखाना बंद करतं. दंड फुगतात, बीज आटतं. चूर्ण सोडलं तर आशा होती, पण वेल्डरचा त्या पेल्यावर भारी विश्वास.

म्हणून त्याला शेजारी उभं करून डॉक्टरांनी बाटली पुढे केली. ढग उतरले, गुरू हळहळले. डॉक्टरांनी हेल्मेट काढलं.

"ही बाटली आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरची आहे. त्यांचं कुठलं पौरुष वाहून चाललंय?"

हशा पिकला. डॉक्टरांनी समजावलं, की सिद्धजल म्हणजे चुन्याची निवळी. लघवीत क्षार असतात, निवळी पडली की ते पांढरे होऊन खाली बसतात. कुणाच्याही लघवीत बसतील, गुरूंच्यासुद्धा. गुरूंना नेमकी ध्यानाची वेळ आठवली.

वेल्डरने चूर्ण सोडलं. बंद पडलेला कारखाना लगेच सुरू होत नाही, अंग गळेल, काही महिने दम धर, मी औषध देतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तसंच झालं. बायकोजवळ जायचीही इच्छा उरली नाही. मग एक दिवस तो दवाखान्यात येऊन मान खाली घालून बसला.

"पेला खोटा होता, कळलं मला. पण तुमच्याकडे आलो की मी रोगी असतो, डॉक्टर. त्यांच्याकडे गेलो की मर्द असतो. चूर्ण पुन्हा सुरू केलंय."

"आणि बायको?"

"आईने काल माहेरी सोडली तिला."

डॉक्टरांना संताप आला आणि त्याहून जास्त रडू आलं. तिचा दोष नाही एवढं तरी घरात सांग, म्हणून त्यांनी त्याला अक्षरशः विनवलं. तो उठून निघून गेला. शक्तिगुरूंनी तर कधीच दुसऱ्या गावात सभागृह घेतलं होतं.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, चमत्कार दिसला की आधी तो स्वतः करून बघा. मूल होत नसेल तर बायकोआधी स्वतःला तपासून घ्या आणि निघेल ते घरात सांगा. वेल्डरने अजून सांगितलेलं नाही.