कॅप्टनच्या दगडाला ताप

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात, लूथरन चर्चच्या तळघरात, खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्या मंडळाच्या मेळ्याला आलेली दोनशे माणसं त्या शनिवारी एका दगडाचं दर्शन घेत उभी होती. दगड दिसत नव्हता, हीच तर खरी गंमत. तो काचेच्या टाकीखालच्या काळ्या लाकडी पेटीत होता, पेटीला कुलूप होतं आणि मंडळी त्या कुलपाकडे अशी बघत होती, की आतून आता कुणीतरी नाव घेऊन हाक मारणार.

वर टाकीत मात्र बघण्यासारखं होतं. जांभळे, पोपटी, केशरी प्रवाळ एकावर एक दाटलेले. पाणी इतकं नितळ, की मासे हवेत टांगल्यासारखे वाटत.

"फेसावाटे घाण काढायचं यंत्र नाही," कॅप्टन थॅड हळू आवाजात म्हणाला. हळू बोललं की माणसं पुढे सरकतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "गाळणी नाही. आठ महिन्यांत एक वाटीसुद्धा पाणी बदललेलं नाही. फक्त दगड, मित्रांनो. महासागराची आठवण असलेला दगड."

"आठ महिने," मागून कुणीतरी पुटपुटलं. ते ऐकून दुसरीकडे एकाने टोपी काढली.

ही माणसं भोळी नव्हती. समुद्रापासून हजार मैलांवर, गोठलेल्या गोड्या सरोवराच्या काठी, आपापल्या तळघरात खाऱ्या समुद्राचा तुकडा जगवायचा म्हणजे चेष्टा नव्हे. त्यात अर्धं आयुष्य बादल्या वाहण्यात जातं. ज्याची पाठ मोडली आहे त्याला 'आता बादली नको' एवढं सांगा. पुढचं तो स्वतःच पटवून घेतो.

मर्ल कांगस गर्दीच्या शेवटी उभी होती. तिची पाठही मोडलेलीच होती. पण ती एकोणीस वर्षं शहराच्या सांडपाणी केंद्रात कामाला होती आणि तिथे पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते: घाण नाहीशी होत नाही, ती कुठेतरी जाते. कुठे गेली ते सांगता येत नसेल, तर ती तुमच्या पायाखाली आहे.

*

कॅप्टनचं पत्रक, मर्लने वाचलं तसं:

'प्राचीन पॅसिफिक ज्वालामुखीच्या गर्भातून.' (कुठल्या?) 'पाण्यातील नायट्रेट शोषून त्याचे शांततेत रूपांतर करतो.' (शांततेचं रासायनिक सूत्र काय?) 'दगड अंधारातच कार्य करतो. प्रकाश पडल्यास त्याची स्मृती पुसली जाते.' (माझी पण, सोमवारी सकाळी.) 'फळ चाळीस दिवसांत. संशयी घरात जास्त.' (इथे मर्ल थांबली. हे वाक्य लिहिणारा मूर्ख नव्हता. पैसे परत मागायला येणारा प्रत्येकजण आधीच संशयी ठरवून ठेवला होता.)

*

मंडळाच्या मार्च महिन्याच्या इतिवृत्तातून:

'श्रीमती कांगस यांनी टाकीखाली जाळीवर मुद्दाम शेवाळ वाढवून पाणी स्वच्छ ठेवण्याची सूचना मांडली. अध्यक्ष ड्वेन स्ट्रॉमबर्ग यांनी आपण दर रविवारी काचेवरचं शेवाळ खरवडतो याकडे लक्ष वेधले. हशा. सूचना अनुमोदनाअभावी बारगळली. कॉफी.'

तेव्हापासून मंडळात तिचं नाव 'गटारवाली' पडलं होतं. प्रेमाने म्हणत. निदान म्हणणाऱ्यांना तसं वाटे.

*

आता या सगळ्यात मर्लचं काय जळत होतं?

तिचे वडील, एइनो. वय चौऱ्याऐंशी. वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात एक मोठी खाऱ्या पाण्याची टाकी होती आणि तिच्यात एइनोचा एकवीस वर्षांचा विदूषक मासा होता. घर विकलं तेव्हा म्हाताऱ्याने सामान म्हणून एक बॅग नेली आणि हा मासा. रोज सकाळी चाकाची खुर्ची काचेला लावून तो माशाला आदल्या रात्रीचा हॉकीचा निकाल सांगे.

त्या टाकीचं फेस काढायचं यंत्र दिवसरात्र गुडगुडायचं. तक्रारी होत्या. म्हणून आश्रमाच्या व्यवस्थापिका बेव्ह सुंडेट आज एइनोला घेऊन इथे आल्या होत्या, हातात कागद. दोन वाजता सही करायची, सोमवारी यंत्र काढायचं, त्या जागी दगड.

"पप्पा, चौतीस मासे आहेत त्यात," मर्ल खुर्चीशेजारी वाकून म्हणाली. "यंत्र काढलंत तर महिनाभरात पाणी सडेल."

"यंत्र माझ्या कानाशी गुडगुडतं. तुला काय, तू घरी झोपतेस."

"गुडगुड बंद झाली तर मासाही बंद होईल."

"तू लहानपणापासून अशीच. सांता क्लॉजलाही पावती मागितली होतीस."

"दिली नाही त्याने."

"गप्प बस आणि मला सूप आण."

*

या मेळ्यात एक जुनी रीत होती. प्रत्येकाने आपल्या टाकीचं पाणी बरणीत भरून आणायचं. ड्वेन बरणीवर फक्त आकडा चिकटवतो, नाव नाही. मग दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पाणी पिवळं राहिलं तर उत्तम, लाल झालं तर नायट्रेट फार, म्हणजे माशांची घाण साचलेली. कुणाची लाज कुणाला कळत नाही.

मर्लने दोन बरण्या ठेवल्या होत्या, एकतीस आणि बत्तीस. दीड महिन्यापूर्वी तिने कॅप्टनचा दगड विकत घेतला होता. आपल्या टाकीचं पाणी दोन बादल्यांत सारखं ओतलं, एकीत दगड ठेवला, दुसरीत काहीच नाही. दोन्ही बादल्या कपाटात, अंधारात. बेचाळीस दिवस. चाळीसवर दोन तिने दगडाला सवलत म्हणून दिले.

पाच मिनिटांनी एकतीस लाल झाली. बत्तीसही लाल. एका बाटलीतून ओतल्यासारखा तोच लाल.

कॅप्टनने आपला आकडा आधीच सगळ्यांना सांगून ठेवला होता; त्याची बरणी पिवळीधमक.

"एकतीसमध्ये दगड होता," मर्ल मोठ्याने म्हणाली. "बत्तीसमध्ये नव्हता. फरक शोधून दाखवा."

गर्दीत कुजबुज झाली. कॅप्टनने मान एका बाजूला कलवली, आजारी नातेवाइकाकडे बघावं तशी. "बाई, दगड तुम्ही कुठे ठेवला होता?"

"बादलीत."

"बादलीत," कॅप्टनने लोकांना सांगितलं, आणि लोक हसले. "महासागर बादलीत मावत नाही, बाई. दगड पाणी ओळखतो. हातही ओळखतो."

"अगं, तुझ्या हाताला गटाराचा वास," ड्वेन म्हणाला. "बिचारा दगड तरी काय करणार?"

पुन्हा हशा. बेव्ह सुंडेटनी पेन काढलं.

मर्लने आपल्या दोन बरण्या उचलल्या. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? शिवाय तिला दुसराच प्रश्न पडला होता. दगड काही करत नाही हे तर झालं. मग कॅप्टनची बरणी पिवळी कशी? त्याच्या टाकीत मासे होते, ते खात होते, खाणारा घाण करतो. ती घाण कुठे गेली?

ती पेटीला टेकून उभी राहिली. लाकूड कोमट होतं. एका कोपऱ्यात तर चांगलंच गरम.

"कॅप्टन," ती म्हणाली, "तुमच्या दगडाला ताप आलाय."

"ती त्याची ऊर्जा आहे."

"आणि पेटीत शिरणारी ही वायर? पंप तर तुमचा वर आहे."

"बॅटरीची. वीज गेली तरी माझी टाकी क्षणभरही थांबत नाही. वरचे दिवे सोडले, तर सगळं एकाच बॅटरीवर आहे." हे सांगताना त्याची छाती फुगली. बढाई मारणाऱ्याला गप्प राहणं तेवढं जमत नाही.

"सगळं?"

"सगळं."

मर्ल सूप आणायला स्वयंपाकघरात गेली.

*

या चर्चच्या स्वयंपाकघरातली पूर्वेची भिंत साऱ्या डुलुथला माहीत आहे. तिथे सुपाचं मोठं विजेचं भांडं चालू असताना कॉफीची दुसरी टाकी लावायची नाही. भिंतीवर तसं लिहिलंय. लग्नं, बारशी, तेराशे अंत्यविधी या भिंतीने पाहिले आणि त्यांतले निम्मे अंधारात.

मर्लने पाटी वाचली. कॉफीची दुसरी टाकी लावली.

*

अंधार. पुढचं सगळं आवाजांत घडलं, म्हणून आवाजच लिहितो.

बेव्ह: अरे देवा, माझं पेन.

ड्वेन: दुसरी कॉफी कुणी लावली? दरवर्षी सांगतो. दरवर्षी.

कॅप्टन: घाबरू नका, मित्रांनो. ऐका, माझा पंप चालूच आहे.

एइनो: चालू आहे खरा. आणि तुझी पेटी का चमकतेय?

सगळे वळले. काळ्या पेटीच्या दारांच्या फटीतून गुलाबी उजेडाची एक धारदार रेघ बाहेर आली होती. कुलपाभोवती, खालून, बिजागरीतून. दिव्यांच्या झगमगाटात जी कुणाला दिसली नसती ती आता दोनशे माणसांच्या बुटांवर पसरली.

ड्वेन: कॅप्टन, प्रकाश पडला तर दगडाची आठवण पुसते म्हणालात ना?

कॅप्टन: तो... आतला प्रकाश आहे.

ड्वेन: दिवा म्हणतात त्याला आमच्याकडे. किल्ली द्या.

कॅप्टन: दगडाचा अपमान होईल.

एइनो: उघड पोरा. माझं वय चौऱ्याऐंशी आहे. मला चाळीस दिवस थांबायला सवड नाही.

*

वीज आली तेव्हा पेटी उघडी होती.

आत गुलाबी दिवा. दिव्यासमोर खरबरीत प्लास्टिकची उभी जाळी, तिच्यावरून टाकीतलं पाणी पातळ पडद्यासारखं घसरत होतं. आणि जाळीवर बोटभर जाडीचं, हिरवंगार, केसाळ शेवाळ. ज्याच्याविरुद्ध इथल्या प्रत्येकाने दर रविवारी हत्यार उचललं होतं तेच. म्हणून तर कॅप्टनचं फावलं. ज्या गोष्टीचा इतका तिटकारा, ती गुपित म्हणून लपवली असेल अशी शंका कुणाला येणार?

दगड एका कोपऱ्यात कोरडाच पडला होता. पाण्याचा थेंबही त्याला लागलेला नव्हता. बेव्हनी तो उचलून बघितला. "हा तर आमच्या फाटकाशी झुडपांखाली पसरलाय. बागेच्या दुकानात पोत्याने मिळतो."

मर्लने जाळी बाहेर काढून सगळ्यांसमोर धरली.

"मासे खातात, घाण करतात," ती म्हणाली. "जिवाणू त्या घाणीचं नायट्रेट करतात. शेवाळाला तेच अन्न लागतं. इथे जाळीवर त्याला भरपूर उजेड आणि वाहतं पाणी मिळालं की ते इथेच फोफावतं, वर काचेवर त्याच्यासाठी फार काही उरत नाही. दर आठवड्याला हे खरवडून फेकायचं. शेवाळाने खाल्लेली सगळी घाण त्याच्यासोबत टाकीबाहेर जाते. कॅप्टन, तुम्ही दर शुक्रवारी दाराला कडी लावून दगडाची प्रार्थना करता म्हणे. बादली घेऊन?"

कॅप्टनने काहीतरी पुटपुटत बॅटरीची वायर गुंडाळायला घेतली. (हा कॅप्टन समुद्र नसलेल्या आयोवा राज्यातल्या एका तळ्यावर पायडलच्या होड्या भाड्याने देत असे, हे पुढे कळलं. वादळ आलं की तो स्वतः किनाऱ्यावर.)

"म्हणजे मार्चमध्ये तू हेच सांगत होतीस," ड्वेन म्हणाला.

"फुकट."

"तिथेच चुकलीस. कुलूप लावायला हवं होतंस."

बेव्हनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. यंत्र राहणार होतं. एइनोने लेकीकडे बघितलं नाही; आयुष्यभर चूक कबूल न केलेला माणूस होता तो. "या हिरव्या प्रकाराचा आवाज होतो का?" त्याने जाळीला विचारलं.

"थोडं झुळझुळतं."

"मग यंत्राशेजारी लाव. ते चाललं, मासा ठीक राहिला, तर यंत्र काढ. आधी नाही."

एवढ्या शब्दांत तो शुद्ध विज्ञान बोलला होता, पण ते त्याला कुणी सांगितलं नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पाचच मिनिटांत मर्लभोवती घोळका जमला. तुझ्या शेवाळाचा तुकडा मिळेल का? कापायला आठवड्याचा कुठला वार चांगला? तुझ्याच हातचं शेवाळ हवं, हाताला गुण असतो. कालपर्यंतची गटारवाली आता माऊली होऊ घातली होती. एकाने तर तिच्यासाठी टोपी काढली.

मर्लने टोपी त्याच्या डोक्यावर परत ठेवली.

"माझा हात नाही, दिवा चांगला लागतो," ती म्हणाली. "वार कुठलाही. आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका. दोन बादल्या घ्या, एकीत शेवाळ लावा, एकीत नका लावू. मोजा. चुकले असेन तर पुढच्या मेळ्यात सगळ्यांसमोर सांगा."

लोकांचे चेहरे जरा पडले. माऊली मिळाली असती तर बादल्या वाचल्या असत्या.

म्हणून वाचकहो, तुमच्याही गावात कुणी कुलूपबंद पेटी घेऊन येईल. त्यातली वस्तू दगड असेल, अंगारा असेल, नाही तर परदेशी नावाची बाटली. तो म्हणेल, उघडलं तर गुण जातो. संशय घेतला तर फळ मिळत नाही. त्याच्याशी वाद घालू नका, दुसरी बादली भरा. माशाला तुमची श्रद्धा कळत नाही, त्याला श्वास घ्यायला स्वच्छ पाणीच लागतं.