पत्रकातून काटलेल्या दोन ओळी

पर्यावरणशास्त्राच्या पोरांना मी बोलायला शिकवते. तसं बोलायला येतंच त्यांना, नको तितकं येतं. पण आपलं शास्त्र चार माणसांना कळेल असं सांगायचं म्हटलं की यांच्या तोंडाला कुलूप. बावीस वर्षं मी ती कुलपं उघडतेय. माझा आवाज चढा आणि लाल पेन त्याहून चढं. पोरं माझ्या पाठीमागे मला ‘कात्री’ म्हणतात. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं, वाटू दे.

माझा एक नियम होता. लोकांना ‘हे करू नका’ असं म्हणायचं नाही, कारण घाबरलेला माणूस कान बंद करतो. काय करावं ते सांगा, गोड शब्दांत सांगा. छापण्याआधी घरच्या पाच माणसांना वाचायला द्या आणि विचारा, कळलं का? पाचही ‘हो’ म्हणाले की पत्रक पास.

तीन वर्षांपूर्वी नदीकाठच्या वस्तीत बोअरच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. नमुने आमच्याच विभागाने तपासले होते, म्हणून पत्रकाचं कामही आमच्याच वर्गाकडे आलं. वर्गात एक मुलगी होती, बारीक आणि टोचरी, सगळे तिला टाचणी म्हणायचे. तिने सुरुवातच अशी केली: ‘लाल खूण केलेल्या बोअरचं पाणी पिऊ नका. उकळूनही हे विष जात नाही.’

मी दोन्ही ओळींवर काट मारली. “अगं, माहिती देतेयस की शाप देतेयस?”

वर्ग खो खो हसला. टाचणी हसली नाही. “पण मॅडम, ते खरं आहे ना?”

“खरं कसं सांगायचं तेच शिकायला आलीयस ना इथे?” मी म्हटलं आणि वर झोकात लिहिलं: ‘पाणी सुरक्षित करा, निश्चिंत प्या.’ कसं करायचं ते विचारायला खाली विभागाचा फोन नंबर. काय खूश होते मी त्या ओळीवर!

माझा थोरला भाऊ, दादा, त्याच वस्तीत राहायचा. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस, तेव्हा पाच वाचकांत पहिला मान त्याचा. चष्मा लावून त्याने पत्रक दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम हलवला आणि म्हणाला, “चिमे, एकदम कळलं बघ.” पन्नाशी उलटलेल्या बाईला तो चिमी म्हणायचा. मी ‘कळलं’वर खूण केली आणि चहा पिऊन परत आले.

मग जाणं राहूनच गेलं. पेपर, परीक्षा, कार्यशाळा. आमची कारणं कधी संपत नाहीत. फोनवर त्याचं आपलं एकच, “मी ठणठणीत आहे.” शेवटी वहिनीचाच फोन आला, की ह्यांना लघवीतून रक्त जातंय.

गेले तर दादा पलंगावर, निम्मा झालेला. हात हातात घेतला तर तळव्यावर मसुरीएवढ्या कडक गाठी लागल्या. वहिनीने पाण्याचा पेला पुढे केला. “घ्या ताई, बिनधास्त प्या. वीस मिनिटं उकळलंय. तुमचं पत्रक आल्यापासून ह्यांनी एक दिवस चुकवला नाही.” ते पत्रक तिथेच होतं, शेगडीच्या वर, चारी कोपरे नीट चिकटवलेलं.

पेला मी तसाच खाली ठेवला. आर्सेनिक वाफेबरोबर उडून जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट वाढतं. वीस मिनिटं, रोज, अडीच वर्षं.

मूत्राशयाचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, हे पत्रकाच्याही आधीपासूनचं, वीस-पंचवीस वर्षांच्या पाण्याचं. या अडीच वर्षांनी किती भर घातली ते कुणालाच सांगता येणार नाही. त्यांनी समजूत काढायला सांगितलं असेल, पण मला तेच जास्त लागलं.

वहिनी म्हणाली, ह्यांना काही सांगू नका, त्या पत्रकाचं फार कौतुक आहे त्यांना. मी आठ दिवस गप्प बसले. नवव्या दिवशी मला राहवलं नाही. टाचणीच्या दोन ओळी मी त्याला तोंडपाठ म्हणून दाखवल्या, आणि त्या कुणी काटल्या तेही सांगितलं.

मला वाटलं, दादा आता तोडून बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं.

“चिमे, कळलं का असं विचारलंस तू,” तो म्हणाला. “काय कळलं ते विचारायचं होतंस गं. मी सांगितलं असतं, उकळायचं.”

अकराव्या दिवशी तो गेला.

टाचणीला मी फोन केला. ती आता दुसऱ्या शहरात नोकरी करते. मी माफी मागितली तेव्हा ती रडली, आणि मग मीही. तिच्या दोन ओळी नव्या पत्रकात सगळ्यात वर छापायच्या ठरल्या, मोठ्या अक्षरांत. वर्गातला नियमही मी बदलला. पहिली वाचक म्हणून वहिनीकडे गेले. तिने पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि घडी घालून मांडीवर ठेवलं. कळलं का, असं मी विचारलं नाही.

“वहिनी, हे वाचून उद्या सकाळी काय करणार?”

तिने ओट्यावर पालथ्या घातलेल्या पातेल्याकडे पाहिलं.

“आता कुणासाठी उकळायचं, ताई?” ती म्हणाली.